पान्हा चोरणारी माणसं



मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. नाव-गाव देऊ नका अशी तिची विनंती आहे, तेव्हा देत नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन मुलं, यजमान सरळमार्गी, निर्व्यसनी, पगार घरात आणून देणारे. तिच्या वाचनात कुठेतरी आलं की रोज वीस सेकंद मिठी मारली तर शरीरात 'प्रेमाचं संप्रेरक' स्रवतं आणि संसार गोड होतो. तिने ते मनावर घेतलं. एका संध्याकाळी मुलं खाली खेळायला गेलेली, यजमान कामावरून आले, तिने धीर करून त्यांना दारातच मिठी मारली. ते खांबासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "काय झालं? गावाकडून फोन आला का?" आणि बूट काढायला वाकले.

पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, "ताई, ह्यांच्या अंगात ते रसायनच कमी आहे, की मीच ह्यांना नकोशी झालेय?"

फोनचं वाचून मला हसू आलं. शेवटची ओळ वाचल्यावर ते गेलं. हा प्रश्न पुष्कळजणी वर्षानुवर्षं मनात घोळवतात, फक्त कुणाला विचारत नाहीत. म्हणून या आठवड्यात पितळेची भांडी आणि दमट कपाटं राहू देत बाजूला. या रसायनाकडेच जरा नीट पाहू या.

त्याचं नाव ऑक्सिटोसिन. नाव नवं वाटेल, पण तुमच्यातल्या बहुतेक आयांची त्याच्याशी गाठ पडलेली आहे. कळा मंदावल्या की डॉक्टरीणबाई सलाईनमधून 'कळांचं औषध' सोडतात, ते हेच. बाळंत झाल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून जे इंजेक्शन देतात, तेही बहुधा हेच. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक बाळंतिणीला ते द्यावं असं सांगते, आणि त्याने असंख्य बायकांचे जीव वाचले आहेत. १९०६ साली हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क दिला की गाभण मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. ऑक्सिटोसिन या नावाचा मूळ ग्रीक अर्थच मुळी 'झटपट बाळंतपण' असा आहे. पुढे १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे हे रसायन आधी सुइणीच्या कामाचं, मग कवींच्या. प्रेमाबिमाशी त्याचं नाव जोडलं गेलं ते फार नंतर.

त्याचं दुसरं काम तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. दूध तयार होतं एका संप्रेरकाने, पण ते वाहतं होतं ऑक्सिटोसिनमुळे. आपल्या भाषेत याला फार सुरेख शब्द आहे: पान्हा. बाळ पलीकडच्या खोलीत रडलं आणि इकडे ओट्याशी उभ्या असलेल्या आईचं पोलकं भिजलं, हा अनुभव कितीजणींना आहे! बाळाने अजून तोंडही लावलेलं नसतं. नुसता आवाज कानावर पडला की मेंदूतून ते रसायन सुटतं आणि पान्हा फुटतो.

आणि या पान्ह्याची दुसरी बाजूही ज्यांच्या माहेरी गोठा होता त्यांना ठाऊक असेल. गाय पान्हा चोरते. दूध सडात असतं, पण ती सोडत नाही. धार काढायला परका हात आला, कुत्रं अंगावर आलं, वासरू दिसेना, की ती आखडते. मग पुढ्यात आंबोण ठेवतात, पाठीवरून हात फिरवतात. वासरू दगावलं असेल तर त्याचं कातडं पेंढा भरून समोर उभं करण्याची रीत होती. (काही गोठेवाले सरळ ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून दूध काढतात. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि जनावराचे त्यात हाल होतात.)

माणसांचंही तसंच. १९४८ साली अमेरिकेत न्यूटन दांपत्याने एक साधा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजण्याच्या वेळी मुद्दाम त्रास दिला. कधी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, कधी भराभर तोंडी गणितं घातली. त्या दिवशी बाळाला दूध चांगलंच कमी मिळालं. तसाच त्रास देऊन सोबत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा दूध बरंचसं पूर्वीसारखं आलं. म्हणजे दूध आटलेलं नव्हतंच, ते अडलेलं होतं. 'सूनबाईला दूधच नाही' असं तिच्या देखत दिवसातून चार वेळा म्हणणाऱ्या घरांनी हा प्रयोग वहीत लिहून ठेवावा.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे वळते. हे रसायन नळाची तोटी फिरवली की यावं तसं येत नाही. समोर कोण आहे, त्या माणसाजवळ जाणं सुखाचं की धोक्याचं, हे आधी शरीर बघतं. आणि हे बघण्याची प्रत्येकाची सवय निराळी असते. ती सवय लागते फार लवकर, आईच्या, आजीच्या, ज्याने कुणी सांभाळलं असेल त्याच्या मांडीवर.

मी एका शाळेत अर्धा वेळ शिकवते. जूनमध्ये बालवर्गाच्या दाराशी दरवर्षी एक नाटक असतं. आई सोडून जाताना कोण किती रडतं हे सगळे बघतात. मी मात्र बारा वाजता बघते, आई न्यायला येते तेव्हा. काही मुलं धावत जाऊन गळ्यात पडतात, दोन हुंदके देतात, आणि अर्ध्या मिनिटात 'डबा संपवला' हे सांगायला लागतात. काही मुलं आईला घट्ट धरतात आणि त्याच वेळी तिला मारतातही. उचललं तरी शांत होत नाहीत, खाली ठेवलं तरी नाही. आणि एखादं मूल आई आली तरी मान वर करत नाही, ठोकळे रचत राहतं. बायका म्हणतात, "किती शहाणं बाळ! काही त्रास नाही."

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच पद्धतशीर पाहिलं. त्या १९५४-५५ साली युगांडात होत्या. तिथे त्यांनी खेड्यांतल्या आया आणि बाळं जवळून पाहिली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी वर्षभराच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांची एक चाचणी बसवली. खेळण्यांची खोली, आई काही मिनिटं बाहेर जाते, परत येते. त्यांच्याही लक्षात आलं की खरी ओळख पटते ती आई परत आल्यावर. १९७८ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. शास्त्रात याला अनुबंध म्हणतात. मी आपली 'लळा' म्हणणार. एक लळा निर्धास्त: गेलेलं माणूस परत येतं, हाक मारली की ओ मिळते, हा भरवसा असतो. दुसरा धास्तावलेला: ओ कधी मिळते, कधी मिळत नाही, म्हणून सारखी हाक मारायची. तिसरा आखडलेला: हाक मारून उपयोग नाही, उलट ओरडा बसतो, तेव्हा मारायचीच नाही. (पुढे संशोधकांनी चौथा प्रकारही सांगितला, ज्यात मुलाला जिचा आधार तिचीच भीती वाटते. तो विषय मोठा आहे, आज नको.)

त्या मान वर न करणाऱ्या 'शहाण्या' बाळाविषयी एक गोष्ट मला विसरता येत नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजलेले होते. चेहरा शांत, हात खेळण्यांत, आणि ठोके मात्र वाढलेले. आतून ते मूलही घाबरलेलंच होतं, फक्त दाखवत नव्हतं. गाय दूध चोरते तशी ही मुलं रडणं चोरतात.

मोठेपणी हे पुसलं जातं का? १९८५ साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर या दोघांनी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या एका वृत्तपत्रात, आपल्या साप्ताहिकांत असतात तशी, एक प्रश्नावली छापली. प्रेमात तुम्ही कसे वागता, यापैकी कोणतं वर्णन तुम्हाला लागू पडतं, एवढंच विचारलं होतं. पहिल्या ६२० उत्तरांचा त्यांनी हिशेब केला. निम्म्याहून थोडे अधिक लोक निर्धास्त निघाले, साधारण पाव आखडलेले, आणि पाचवा हिस्सा धास्तावलेले. प्रमाण लहान मुलांत आढळणाऱ्या प्रमाणाच्या आसपासच होतं. अर्थात ही दगडावरची रेघ नव्हे. पुष्कळांची रीत मोठेपणी बदलते, चांगल्या जोडीदारामुळे, एखाद्या मावशीमुळे, मैत्रिणीमुळे. आणि आपल्याकडच्या भरल्या घरात एका आईने ओ दिली नाही तरी काकू देते, हाही मोठाच फरक. पण अशी सवय असते, आणि ती लग्नात सोबत येते, मानपानाच्या यादीत लिहिलेली नसली तरी.

आता या तीन तऱ्हांच्या माणसांना तेच एक रसायन दिलं तर?

हा प्रयोग झालेला आहे. जेनिफर बार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. ३१ पुरुष घेतले. (यातले बरेच प्रयोग पुरुषांवरच झाले आहेत. बायकांच्या पाळीने म्हणे हिशेब अवघड होतो. बाळंतपणातल्या संप्रेरकाचा अभ्यास पुरुषांवर करायचा, ही गंमतच आहे!) त्या प्रत्येकाला एकदा नाकातून ऑक्सिटोसिनचा फवारा दिला आणि एकदा नुसताच खोटा फवारा, कोणता कधी हे त्यांना कळू न देता. मग विचारलं, लहानपणी तुमची आई कशी होती? माया करायची का? जवळची वाटायची का? जे निर्धास्त लळ्याचे होते, त्यांना ऑक्सिटोसिननंतर आई अधिक मायाळू आठवली. जे धास्तावलेले होते, त्यांना तीच आई कमी मायाळू, जास्त दूरची आठवली.

पुन्हा वाचा हे वाक्य. औषध तेच, मात्रा तीच. एकाला सुखाच्या आठवणी आल्या, दुसऱ्याच्या जुन्या जखमेवरची खपली निघाली.

म्हणून 'प्रेमाचं संप्रेरक' हे नाव मला पसंत नाही. बऱ्याच संशोधकांचं आता असं मत आहे की ते प्रेम ओतत नाही. ते माणसांकडे, त्यांच्या चेहऱ्याकडे, आवाजाकडे, जवळिकीकडे आपलं लक्ष वाढवतं. देवघरातल्या समईची वात पुढे सारली की देवाचा मुखवटा उजळतो, आणि कोपऱ्यातली जळमटंही दिसायला लागतात. ज्याच्या मनात जे साठलेलं, ते दिसतं.

आणि हे रसायन जास्त असणं म्हणजे सुखी असणं, असंही नाही बरं का. २००६ साली इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांनी ४५ निरोगी माणसांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजलं. प्रेमसंबंधात ज्यांना धास्ती जास्त, त्यांच्यात ते जास्त निघालं! अमेरिकेत शेली टेलर या बाईंनी २०१० साली असंच काहीसं दाखवलं. जोडीदाराशी ज्यांचं बिनसलेलं, अशा बायकांच्या रक्तात ऑक्सिटोसिन वाढलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की हा शरीराचा इशारा असावा: आधार तुटतोय, जा, कुणाची तरी सोबत शोध. घरात वाजलं की आपण बहिणीला फोन लावतो, नाहीतर वाटी घेऊन विरजण मागायला शेजारी जातो. विरजण घरात असतं, हे शेजारणीलाही माहीत असतं.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की रक्त तपासून रसायन कमी-जास्त काढून हा गुंता सुटणारा नाही. ते वाढवायला बाजारात 'विश्वासाचे फवारे' विकतात, त्यावर पैसे घालवू नका. २००५ साली एका गाजलेल्या प्रयोगात असा फवारा हुंगलेल्या लोकांनी परक्यावर जास्त भरवसा टाकला होता, आणि त्यावरून केवढा गाजावाजा झाला. पण २०२० साली ६०० हून अधिक माणसांवर काळजीपूर्वक पुन्हा केलं तेव्हा तसा सरसकट परिणाम दिसला नाही. उंदरासारखा एक अमेरिकन प्राणी आहे, गवताळ माळावरचा व्होल. तो जन्माची जोडी करतो, आणि ते ऑक्सिटोसिनमुळे असं तीस वर्षं सांगितलं जात होतं. २०२३ साली शास्त्रज्ञांनी असे व्होल जन्माला घातले की ज्यांच्या शरीराला ऑक्सिटोसिनची हाक ऐकूच येत नव्हती. त्यांच्याही जोड्या जमल्या, पिल्लं झाली. प्रेमासारखी गोष्ट निसर्गाने एकाच खुंटीवर टांगून ठेवलेली नाही.

आणि दुसरा प्रश्न, 'मीच नकोशी झालेय का?' एका पत्रावरून कुणाच्या यजमानांची परीक्षा करायला मी काही बसले नाही. पण तुम्हीच लिहिलंय की तुम्हाला ताप आला की ते न सांगता कुकर लावतात, रात्री दोनदा उठून कपाळाला हात लावून बघतात. नकोशा बायकोच्या कपाळाला कुणी रात्री दोनला हात लावत नाही. आखडलेल्या लळ्याचा माणूस मिठीत असा लाकडासारखा होतो, कारण त्याच्या शरीराने लहानपणी शिकलेलं असतं की एवढं कुणी जवळ आलं म्हणजे आता काहीतरी मागणी येणार, नाहीतर वाईट बातमी. त्यांनी फोनचंच विचारलं, नाही का?

अशा माणसाशी काय करावं? गाईच्या बाबतीत जे करतात तेच. घाई करू नये, समोरून अंगावर जाऊ नये. जेफ्री सिम्प्सन आणि निकोला ओव्हरॉल हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की जोडीदाराने रीत ओळखून वागलं तर आखडलेलं माणूस सैल होतं. त्याला कोंडीत पकडायचं नाही, मऊपणाने बोलायचं, त्याच्या मोकळीकीला धक्का न लावता. म्हणजे समोरासमोर बसवून "आज आपण बोलू या" म्हणू नका. त्यापेक्षा शेजारी बसून मटार सोला. स्कूटरवर मागे बसून, किंवा रात्री जेवणानंतर चालायला जाताना, अशी माणसं जास्त बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. चहाचा कप देताना खांद्यावर क्षणभर हात ठेवा आणि निघून जा. काही विचारू नका, उत्तराची वाट बघू नका. स्पर्शामागून मागणी येत नाही हे शरीराला कळायला वेळ लागतो. नऊ वर्षांत झालं नाही ते नऊ दिवसांत होणार नाही. पण एक दिवस ते आपणहून जवळ येऊन बसतील, तेव्हा हातातलं काम लगेच टाकून कौतुक करायला धावू नका एवढंच.

धास्तावलेल्या माणसाचं याच्या उलट, आणि खरं सांगायचं तर आपल्या बायकांत अशा पुष्कळजणी आहेत. नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला की पोटात गोळा, आला की रडू, आणि रडू आवरलं की भांडण. इथे मोठी मिठी, महागडी साडी, यांचा उपयोग एक दिवस. उपयोगी पडतो तो रोजचा छोटा भरवसा: 'आठला निघतोय' एवढा निरोप, पण रोज. तुमच्या घरात अशा तुम्हीच असाल तर मागणं नेमकं मागा. "तुम्हाला माझी काळजीच नाही" यावर कोणता नवरा काय उत्तर देणार? "निघताना मला कळवत जा" यावर देता येतं. घरात एक धास्तावलेलं आणि एक आखडलेलं, अशी जोडी असेल तर एक दार ठोठावतं आणि दुसरं आतून कडी घट्ट करतं. ठोठावणं वाढलं की कडी वाढते. यात दोघंही वाईट नसतात, आणि दोघंही घाबरलेले असतात.

एक मात्र निक्षून सांगते. न बोलणारा नवरा वेगळा आणि हात उगारणारा वेगळा. मार, शिवीगाळ, माहेरी जाऊ न देणं, पैशासाठी कोंडणं, याला लळ्याच्या तऱ्हेचं नाव देऊन समजून घेत बसू नका. तिथे गाईचे आणि आंबोणाचे दाखले चालत नाहीत. सरकारची १८१ ही महिलांसाठीची मदतीची दूरध्वनी सेवा आहे, तो नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारणीसाठी.

आता थोडं बाळांविषयी, कारण पुढचा लळा आपल्या हातात आहे. ह्यूस्टनमध्ये लेन स्ट्रॅथर्न आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचा अभ्यास केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ३० जणी होत्या. गरोदरपणातच त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी सविस्तर मुलाखती घेतल्या. बाळ सात महिन्यांचं झाल्यावर त्याच्याशी खेळताना आईच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजलं. ज्यांचा स्वतःच्या आई-वडिलांशी लळा निर्धास्त, त्यांच्यात ते जास्त वाढलं. पुढे मेंदूच्या तपासणीत दिसलं की स्वतःच्या बाळाचा रडवा चेहरा पाहिला तरी या आयांच्या मेंदूतले आनंदाशी जोडलेले भाग जागे होत होते. ज्या आया आखडलेल्या, त्यांच्यात रडव्या चेहऱ्याने वेदना-नकोसेपणाशी जोडलेला भाग जागा झाला. त्या आया वाईट होत्या असं कुणी म्हटलेलं नाही. बाळाचं रडणं त्यांना त्यांच्या स्वतःच्या, कुणी न ऐकलेल्या रडण्यासारखं टोचत असेल, असं मला वाटतं.

म्हणून एखादी नवी आई हळूच म्हणाली, "बाळाला पाहून मला काहीच वाटलं नाही," तर तिच्या तोंडावर हात ठेवू नका. कितीजणींना पहिल्या दिवशी पान्ह्याबरोबर माया येत नाही, ती न्हाऊमाखू, दुपटी, रात्रीची जागरणं यांतून हळूहळू बसते. बाळाला उघड्या छातीशी धरायला द्या, आणि तिची झोप होऊ द्या. दोन आठवड्यांनंतरही रडू, उदासी, बाळ नकोसं वाटणं राहिलं तर डॉक्टरांकडे न्या. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

आणि बाळाच्या बाबांना विसरू नका. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने ८० जोडप्यांचं ऑक्सिटोसिन बाळ झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आणि पुन्हा सहाव्या महिन्यात मोजलं. ते २०१० साली प्रसिद्ध झालं. वडिलांच्या रक्तातलं प्रमाण आयांच्या बरोबरीचं निघालं! फरक होता तो रीतीत. आई जिथे कुरवाळत होती, बोबडं बोलत होती, तिथे बाबा बाळाला उचलत होते, हलवत होते, खेळण्यांकडे वळवत होते, आणि ज्यांच्यात ऑक्सिटोसिन जास्त, ते हे जास्त करत होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. जावई बारशाला येतो, पेढे देतो, बाळाला दोन मिनिटं दोन्ही हातांवर काचेच्या भांड्यासारखं धरतो, कुणीतरी "अहो, मान सांभाळा" म्हणून काढून घेतं, आणि तो रात्रीच्या गाडीने परत जातो. पुढे तीन महिने तो बाळाला मोबाईलच्या पडद्यावर पाहतो. मग चौथ्या महिन्यात सगळ्या म्हणतात, ह्यांना बाळाचं काही नाही.

माहेरची ऊब बाळंतिणीला हवीच, ती मोडू नका. पण जावई आला की त्याला पाहुण्यासारखं कोचावर बसवून ठेवू नका. शनिवार-रविवार येऊ द्या, बाळंतिणीच्या खोलीत जाऊ द्या. लंगोट बदलायला द्या. आजीने त्याला बाळाला ढेकर कसा काढायचा ते दाखवावं, खांद्यावर जुना पंचा टाकावा आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून जावं. सुरुवातीला त्याचे हात थरथरतील आणि पंचा असूनही शर्ट खराब होईल. दुधाचा असा डाग गार पाण्यात भिजवून मग साबण लावला की निघतो. आधी गरम पाणी घालू नका, डाग पक्का होतो.